मुअल्लिम सिद्राकांचा हेडफोन

सिद्राक मुअल्लिमांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे. त्यांची बायको इस्तीर पलीकडे लसूण ठेचायला लागली की मला इकडे खलबत्ता ऐकू येतो, आणि माझं काही करपलं की ती तिकडून हाक मारते, "अब्ला, गॅस बारीक करा!" आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईला अब्ला म्हणतात. शाळेतलं शिकवणं सुटून मला बरीच वर्षं झाली, पण गावानं मला अब्लाच ठेवलं आहे.

मुअल्लिम म्हणजेही शिकवणाराच, पण तो चर्चमधला. भजनं म्हणायची, दुसऱ्यांकडून म्हणवून घ्यायची, हे त्याचं काम. लहानपणी सिद्राकांचे डोळे आले आणि तसेच गेले. अस्यूत शहराच्या आसपासच्या आमच्या गावांत असं झालं की मूल मुअल्लिमच्या हाताखाली देतात. डोळे गेले तर कान तरी कामाला लागू देत, असा तो हिशेब. सिद्राक तसे गुब्रियाल मुअल्लिमांकडे गेले. गुब्रियालही आंधळेच. गुडघ्याला गुडघा लावून दोघे बसत. गुरू एक ओळ म्हणे, शिष्य ती परत देई. कागद नाही, खुणा नाहीत. भजन पूर्ण बसलं असं वाटलं की गुरू शेजारची झांज उचलून एकदाच वाजवी आणि म्हणे, "पोचलं." त्यानंतरच ते भजन चर्चमध्ये उभं राहून म्हणायची मुभा. झांज वाजली नाही तर शिष्य पन्नाशीचा झाला तरी गप्प बसतो. आमच्या गावाची ही रीत आहे.

या रीतीनं आलेलं एक भजन सिद्राकांपाशी होतं. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, येशूला थडग्यात ठेवण्याच्या वेळी ते म्हणतात. भजन सगळीकडचंच आहे; पण आमच्या गावात त्याच्या मध्यावर एक वळण आहे, ते दुसरीकडे कुठे नाही. एका 'आ'वर सूर खाली उतरत जातो, थांबतोसं वाटतं, पुन्हा चढतो, पुन्हा उतरतो. शब्द एकही नाही. त्या वेळात आमच्या म्हाताऱ्या बायका आपापल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. माझ्या नवऱ्याचं आणि भावाचं, दोघांचीही नावं घेऊन होतात, तरी वळण चालूच असतं. तरुण मंडळींना ते लांबलचक वाटायचं. "मुअल्लिम, सकाळपासून उपाशी माणसं उभी असतात, पाय दुखतात," असं त्यांचं म्हणणं. मुअल्लिम म्हणायचे, "ज्याला थडग्यात ठेवलं त्याला आपण विचारलं होतं का, पाठ दुखते का म्हणून?"

मग त्यांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी त्यांनी चर्चच्या माइकला दोष दिला. मग माणसांना. "हल्ली सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, दातात जणू खजुराची बी धरलीये." इस्तीर शेजारी बसून हाक मारी आणि ते शांतपणे जपमाळ ओढत राहत. ती माझ्याकडे येऊन म्हणे, "चिडलेत वाटतं माझ्यावर." चिडलेले नव्हते. अस्यूतच्या डॉक्टरनं कानात घालायचं यंत्र दिलं, ते शिट्टी मारी. मुअल्लिमांनी ते साखरेच्या डब्यात टाकलं. "भुंगा पाळायचा तर बाहेर पाळीन, कानात कशाला?" म्हणाले. पण हसले नाहीत. ज्याला दिसत नाही त्याचं घर, रस्ता, बायको, सगळं कानातच असतं. ते सगळं हळूहळू लांब जात होतं.

मागच्या वर्षी गुड फ्रायडेला वळण घेताना त्यांचा सूर घसरला. स्वतःचाच आवाज नीट पोचत नव्हता, त्यामुळे ते कुठल्या कुठे उतरले आणि त्यांना कळलंही नाही. चर्चमध्ये कुणी काही बोललं नाही. बाहेर आल्यावर त्यांच्या शिष्यानं, विसानं, त्यांचा हात धरला आणि सगळं खरं सांगितलं. म्हणून मला विसा आवडतो.

विसाचं मोठ्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, आवाज जरा जाडा. लोक भजनं मोबाइलवरून पाठ करतात, हा एकटाच मुअल्लिमांसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचा. त्या भजनाचा आधीचा भाग त्यानं मुअल्लिमांचे कान शाबूत होते तेव्हाच घेतला होता, त्यावर झांजही वाजली होती. राहिलं होतं ते वळण. मुअल्लिमांनी आयुष्यभर कुणाला आपला आवाज भरून घेऊ दिला नाही. "डब्यात घातलेला सूर लोणच्यासारखा, टिकतो, पण ताजा राहत नाही," असं ते म्हणायचे. आता ते कबूल झाले असते, पण आता त्यांच्या गळ्यातच ते सरळ राहिलं नव्हतं. डोक्यात मात्र जसंच्या तसं होतं. तेव्हा एकच वाट उरली. विसानं म्हणायचं, मुअल्लिमांनी ऐकून चुका काढायच्या.

पण ऐकायचं कसं? विसानं त्यांचा हात आपल्या गळ्यावर ठेवून गाऊन पाहिलं. मुअल्लिम बराच वेळ हात ठेवून बसले, मग म्हणाले, "यातून सूर कळत नाही रे. माणूस जिवंत आहे, एवढं कळतं."

"मग हेडफोन घेऊ," विसा त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाला. "मी मोबाइलवर भरून आणतो. तुम्ही हवं तितकं मोठं करून ऐका."

गुड फ्रायडेआधीचा मोठा उपास सुरू झाला होता. विसाला दुकान सोडता येईना, म्हणून मुअल्लिमांना घेऊन अस्यूतला मी गेले. इस्तीरनं बरोबर उन्हात फुगवलेली भाकरी आणि टोमॅटो बांधून दिला. विसानं बजावून ठेवलं होतं, "अब्ला, तारेचा घेऊ नका. माझ्या नव्या मोबाइलला तारेचं भोकच नाही."

दुकानदाराचं नाव रजब. हसतमुख, बडबड्या. मी त्याला सांगितलं की यांना कमी ऐकू येतं. तो मुअल्लिमांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, "हाजी, काय ऐकणार? जुनी गाणी की कुराण?"

"मी ख्रिस्ती आहे पोरा," मुअल्लिम म्हणाले, "पण ओरडायला तू चांगला आहेस, आमच्याकडे ये."

रजब मोकळेपणानं हसला आणि त्यानं आधी कानात खुपसायचे दोन बोळे दिले. मुअल्लिमांच्या कानांत केस फार, बोळे ठरेनात. एक घरंगळून माझ्या पिशवीत पडला. "यांना डोळे असलेला माणूस लागतो, पडले की शोधायला," ते म्हणाले.

मग डोक्यावरून घालायचा एक चकचकीत निघाला. तो घातल्याबरोबर मुअल्लिमांनी मान मागे घेतली. "लग्नाची वरात कुणी आणली आत? नुसता ढोल वाजतोय."

"हाजी, हाच सगळ्यात खपतो. गाण्याला मजा येते."

"मला मजा नकोय. मला चूक ऐकायचीय."

रजब विचारात पडला. असं गिऱ्हाईक त्याला कधी मिळालं नसावं. त्यानं गालाच्या हाडावर बसणारा एक आणला, कान मोकळे ठेवणारा. ज्यांच्या कानाचा बाहेरचा भाग बिघडला आहे त्यांना हाडातून ऐकू येतं, असं तो म्हणाला. मला आशा वाटली. मुअल्लिमांनी तो लावला, गालावर बोटं ठेवली. "गुदगुल्या होतात," म्हणाले. मी आवाज वाढवायला लावला. "जास्त गुदगुल्या होतात." बिघाड बाहेरचा नव्हता, आतला होता.

त्यानंतरचा मोठा होता, दोन्ही कान पूर्ण झाकणारा. रजबनं त्यावरचं एक बटण दाबलं आणि मला म्हणाला, "आता बघा, बाहेरचा सगळा गोंगाट गायब." मुअल्लिमांचा चेहरा एकदम बदलला. दोन्ही हात पुढे आले, काउंटरवरची डबी खाली पडली. ते मोठ्यानं ओरडले, "अब्ला! अब्ला, तुम्ही गेलात का?"

मी त्यांचा हात धरला. त्यांनी हेडफोन ओरबाडून काढला. रस्त्यावर भोंगे वाजत होते, शेजारी कुणी उसाचा रस काढत होतं. ते जे काही त्यांच्यापर्यंत पोचत असेल ते ते तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. "असं असतं होय," थोड्या वेळानं म्हणाले. काय असतं ते मी विचारलं नाही. कान पूर्ण गेल्यावर कसं असेल, ते त्यांना त्या दुकानात आधीच दाखवून झालं होतं.

शेवटी पसंत पडला तो साधा, काळा, दोन्ही कानांवर नीट बसणारा. त्यात ते बटण नव्हतं आणि ढोलही नव्हता. रजब म्हणाला, "भाषणं, बातम्या ऐकणारे घेतात हा. माणसाचा आवाज तेवढा स्वच्छ येतो, बाकी काही नाही." विसानं माझ्या मोबाइलवर पाठवलेला त्याचा आवाज आम्ही लावला. आवाज शेवटपर्यंत वाढवला. मुअल्लिम बोट गुडघ्यावर आपटत ऐकू लागले आणि एकदम म्हणाले, "हा गाढव 'आ' नाकातून म्हणतो!"

गेल्या वर्षानंतर मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

निघताना ते म्हणाले, "सुरू करताना आत कुणी बाई काहीतरी बोलते. कोण ती?"

"ती मशीनची बाई आहे, हाजी. इंग्रजीत सांगते, चालू झालं, बंद झालं, चार्जिंग संपत आलं. लक्ष देऊ नका तिच्याकडे."

"बरं," मुअल्लिम म्हणाले. "घरात एक आहे, तिच्याकडेही देत नाही."

उपासाचे आठवडे मग त्या हेडफोनबरोबर गेले. विसा दुकान बंद करून घरी जाता जाता यायचा, नवीन भरून आणलेलं लावायचा. चार्जिंगचं काम इस्तीरकडे होतं. हेडफोनवर एक बारीक निळा दिवा होता. तो लागलेला पाहून ती दर वेळी मान हलवायची, तंदूर नीट पेटल्याची खात्री करावी तशी. मुअल्लिम भिंतीला टेकून बसत, झांजा शेजारी. बोटानं गुडघ्यावर सूर मोजत आणि मधेच हात वर करून म्हणत, "इथं! इथं तू घाईनं उतरलास. मेलेल्याला उतरवतोय आपण, साखरेचं पोतं नाही."

विसा पुन्हा भरून आणायचा. भिंतीपलीकडून मला त्याचं गाणं ऐकू यायचं, तेव्हा मी हातातलं काम थांबवायची. एकदा मुअल्लिमांनी मला विचारलंसुद्धा, "अब्ला, इतकी वर्षं तुम्ही भिंतीआडून ऐकताय. तुम्हीच सांगा, हा बरोबर म्हणतोय ना?" मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "मुअल्लिम, मी ऐकलं ते भांडी घासताना. मला ओळखीचं आहे एवढं कळतं, बरोबर आहे का ते नाही कळत." त्यांनी मान हलवली. कान पुष्कळांना असतात, तो कान वेगळा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

दिवसेंदिवस चुका कमी निघू लागल्या. विसाचा चेहरा उजळत गेला. गुड फ्रायडेचा पवित्र आठवडा सुरू झाला होता.

त्या दिवशी आमच्याकडे सकाळपासून वीज नव्हती. दुपार कलताना विसा आला. मी आणि इस्तीर चटईवर बसून मोड आलेल्या वालाच्या साली काढत होतो. गुड फ्रायडेला उपास सोडताना तेच खातात. विसानं भजन लावलं, मोबाइल मांडीवर ठेवला आणि परीक्षेला बसलेल्या मुलासारखा मान खाली घालून बसला. मुअल्लिम ऐकू लागले. बोट गुडघ्यावर पडत होतं. आधीचा भाग झाला असावा, कारण त्यांचं बोट थांबलं, श्वास घेतला, आणि ते वळणात शिरले. त्यांचं डोकं हळूहळू खाली जाऊ लागलं, मग वर. बोट थरथरत उतरलं, थांबलं, पुन्हा चढलं. चेहरा असा झाला होता की इस्तीरचा हात वालात तसाच राहिला. एकही चूक निघाली नाही. शेवटी बोट गुडघ्यावर टेकलं. मुअल्लिमांनी चाचपून झांज उचलली आणि वाजवली. एकदाच.

"पोचलं," ते म्हणाले.

विसा गुडघ्यांवर आला, त्यांच्या हातावर ओणवा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इस्तीरनं आनंदानं जिभेचा लांब उलुलु काढला. मी मुअल्लिमांकडे पाहत होते, आणि मला दिसलं की निळा दिवा लागलेला नाही.

मी विसाकडे पाहिलं. त्यानं माझी नजर कुठे आहे ते पाहिलं, मोबाइल उचलला. भजन मध्येच थांबलेलं होतं. हेडफोन बंद पडला की मोबाइलही थांबतो, हे मला नंतर कळलं. तो पडद्याकडे बघत राहिला. त्या क्षणी त्यानं मोबाइल खिशात टाकला असता तर मी त्याला दोष दिला नसता. गुडघ्यावर बसूनच त्यानं मुअल्लिमांच्या कानावरचा हेडफोन हलकेच बाजूला केला.

"मुअल्लिम, हे बंद पडलंय."

"आत्ता?"

"नाही. वळणाच्या आधीच."

मुअल्लिमांनी हेडफोन काढून हातात घेतला. अंगठ्यानं त्याच्या गाद्या चाचपत राहिले. "ती बाई काहीतरी बोलली खरी," म्हणाले. "मी म्हटलं, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही." मग म्हणाले, "तरीच. मला वाटलंच, विसा एवढं चांगलं कधीपासून म्हणायला लागला."

कुणी हसलं नाही. त्यांनाही हसू अपेक्षित नव्हतं.

"तो आवाज जाडा नव्हता," ते म्हणाले. "गुब्रियाल मुअल्लिमांचा होता. मला आधीच कळायला हवं होतं."

विसा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाला, "आज वीज नाही म्हणून झालं. इस्तीरमावशी उद्या चार्ज करतील. मी परत लावतो."

"आणि काल? परवा? तुझ्या चुका कमी झाल्या, त्या तू सुधारल्यास म्हणून, की मी माझंच ऐकत होतो म्हणून?"

विसानं माझ्याकडे पाहिलं, मी वालाकडे पाहिलं.

"आधीचा भाग माझ्यासमोर बसून घेतलास, तेव्हा मला कान होते," मुअल्लिम म्हणाले. "ते तुझं आहे. वळण नाही पोचलं. मी वाजवलेली झांज परत घेतो."

"झांज कुणी परत घेतं का हो?" इस्तीर कळवळून म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"पण मी म्हणतो तसं बरोबरही असेल, मुअल्लिम!"

"असेल. नसलं तर? तू म्हणशील, तुझ्याकडून दुसरा घेईल, आणि पुढे तेच खरं होईल. जे पोचलं नाही ते म्हणायचं नाही."

"नाही म्हटलं तर ते संपेल."

"हो," मुअल्लिम म्हणाले, "संपेल." आणि हेडफोनची पट्टी दुमडून त्यांनी तो झांजांशेजारी ठेवला, बूट काढून ठेवावेत तसा.

गुड फ्रायडेला चर्च काळ्या कापडानं झाकलेलं असतं. सकाळपासून माणसं उभी होती. मुअल्लिम पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसले होते. डोकं थोडं वर, कान कुठेच न लावता. आम्ही बायका दुसऱ्या बाजूला. संध्याकाळ झाली, थडग्यात ठेवण्याची वेळ आली, आणि विसा उभा राहिला. मुअल्लिमांच्या शेजारी बसलेल्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सुरू झाल्याची खूण केली. त्यांचं बोट गुडघ्यावर पडू लागलं.

विसानं चांगलं म्हटलं. 'आ' नाकातून नव्हता. वळणाच्या तोंडाशी आला तेव्हा माझ्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मीही मिटले. विसा क्षणभर थांबला आणि मग सगळीकडे म्हणतात त्या जवळच्या वाटेनं पुढे गेला. माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन झालं होतं. भावाचं घ्यायला सूर उरला नाही.

मी डोळे उघडले. माणसं पुढच्या प्रार्थनेसाठी गुडघ्यांवर बसत होती. मागून एक तरुण मुलगी पुटपुटली, "या वर्षी आटोपशीर झालं." विसा प्रार्थनेचं पुस्तक मिटून आपल्या जागेवर आला होता आणि मुअल्लिमांकडे पाहत उभा होता.

मुअल्लिम अजून वळणातच होते. त्यांचं बोट थरथरत उतरलं, थांबलं, पुन्हा चढलं. आसपास सगळे वाकून उठत होते, पुन्हा वाकत होते, त्या काळ्या पाठींच्या मध्ये ते एकटेच ताठ बसले होते. शेजारचा त्यांना उठवायला पुढे झाला, पण विसानं त्याचा हात धरला.

मग विसा त्यांच्या समोर खाली बसला, गुडघ्याला गुडघा लावून, आणि बोट थांबेपर्यंत बसून राहिला.